नोंद आढळत नाही

बाइंडरकाका कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, पुस्तकांच्या कपाटाकडे बघत. एखादं पुस्तक बाहेर काढायचं, तळहातावर उताणं धरायचं, पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "हे कुणी शिवलंय? पोतं शिवल्यासारखं शिवलंय." ते पुस्तक यजमानांनी स्वतः लिहिलेलं असलं तरी काकांना आतल्या मजकुराशी काही देणंघेणं नसे. मजकूर ही लेखकाची जबाबदारी आणि पानं जागेवर राहणं ही बाइंडरची. यातली दुसरी जास्त मोठी, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि कुणी विचारलेलं नसताना ते ऐकवायचे.

वय एकाहत्तर, अंग काटकुळं, आणि माणूस डावखुरा. या डाव्या हातापायी उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी मालकांच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्या. बाकीचे कारागीर वही खालून वर शिवत जात आणि शेवटची गाठ वरच्या टोकाला मारत. काका वरून खाली शिवत, त्यांची गाठ खाली यायची. मालक म्हणायचे, "अरे, तुझी वही शीर्षासन करतेय." पण शिलाई इतकी पक्की की गिऱ्हाईक परत यायचं ते नवी वही घेऊनच, म्हणून मालकांनी पुढे बोलणं सोडून दिलं. कारखान्यात नगरपालिकेची जुनी, खिळखिळी झालेली दप्तरं नव्याने बांधायला यायची. तसलं नाजूक काम काकांकडेच असायचं. "त्रेचाळीस वर्षांत माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की काकू त्याला आपली पुस्ती जोडायच्या, "पायमोजे सोडून."

काकू म्हणजे त्यांची बायको. कारखान्याला लागून एक छापखाना होता. तिथे छापलेल्या कागदांना घड्या घालायच्या कामावर त्या होत्या. हात भारी चलाख आणि जीभ त्याहून चलाख. जिन्यात कुणी भिजलेली छत्री पसरून ठेवली, तर ती कुणाची हे काकूंना ठाऊक असायचं आणि दोन मिनिटांत साऱ्या इमारतीला ठाऊक व्हायचं. घरमालक त्यांना वचकून, डॉक्टर त्यांना वचकून, आणि काका तर पहिल्या दिवसापासून.

पण या बाईची एक गंमत होती. लग्नानंतर दहा वर्षांनी त्यांना मुलगी झाली. ती पाळण्यात होती तोवर काकू घरात कधी एकट्या राहिल्या नाहीत. काका कामावर निघाले की वरच्या मजल्यावरच्या बाईंना हाक जायची, "या हो, बसू जरा." त्या नसल्या तर खालच्या. कुणीच नसलं तर काकू मुलीला उचलून सरळ छापखान्यात जायच्या आणि जुन्या मैत्रिणींच्या गराड्यात बसायच्या. काकांना वाटे, बायकोला माणसांची फार आवड आहे. हा समज त्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षं सुखाने बाळगला.

तो मोडला मुलीच्या मुलीमुळे. नात तीन महिन्यांची होती आणि मुलीची रजा आणखी तीन महिन्यांनी संपणार होती. मुलगी एका रविवारी बाळाला घेऊन आली आणि म्हणाली, "आई, मी कामावर जायला लागले की ही दिवसभर तुझ्याकडे."

"मला नाही जमायचं," काकू म्हणाल्या.

"का? दोन थांब्यांवर तर राहतेस. आणि बाबा आहेतच की."

"बाबा भाजीला गेले तर?"

मुलीला आधी ती थट्टा वाटली. मग तिने आईचा चेहरा पाहिला. थोड्या वेळाने तिने बाळाची दुपटी गोळा केली, चहा तसाच टेबलावर ठेवला आणि चपला घालता घालता म्हणाली, "तुला माझी मुलगी नको असेल तर तसं सांग ना स्पष्ट." काकूंनी तेवढंही सांगितलं नाही. नवऱ्याला, मुलीला, साऱ्या इमारतीला तोंडावर बोलणारी बाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्याच संध्याकाळी त्या काकांच्या कामाच्या टेबलापाशी येऊन बसल्या. निवृत्तीनंतरही काकांनी खिडकीजवळ टेबल मांडलं होतं आणि त्यावर पुस्तक दाबून धरायचा लाकडी शिकंजा ठेवला होता. काकूंनी त्याचा दांडा उगीचच फिरवला.

"मला एक भाऊ होता," त्या म्हणाल्या. "किंवा बहीण. माहीत नाही. होतं की नाही तेच माहीत नाही."

काकांनी सुई खाली ठेवली.

"मी चार वर्षांची असेन. आईने पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली आणि ती मागच्या नळावर गेली. बाहेर मुलं ठिकरी खेळत होती. मी दोरी सोडली आणि गेले. किती वेळ गेले कुणास ठाऊक. परत आले तर पाळणा रिकामा. आई घरात नाही. आत्या दारातच उभी होती, तिने खाडकन थोबाडीत दिली. म्हणाली, कुठे उलथली होतीस? बस्स. त्यानंतर ते बाळ मी कधी पाहिलं नाही. पाळणाही नाही."

"आईने काही सांगितलं नाही?"

"अक्षर नाही. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. बाबा कायम फिरतीवर. आत्याला विचारलं की म्हणायची, कसलं बाळ? स्वप्न पडलं असेल तुला. सहा वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली होती ना, तेव्हा परत विचारलं. तर भिंतीकडे तोंड केलं." काकूंनी दांडा फिरवायचा थांबवला. "म्हणजे दोनच गोष्टी, अहो. एक तर बाळ नव्हतंच आणि मी खुळी आहे. नाहीतर होतं, ते माझ्या हातून गेलं, आणि म्हणून सगळ्यांनी झाकलं. आता सांगा, पोरीला काय सांगू? तुझं लेकरू माझ्याजवळ ठेवू नकोस म्हणून?"

काकांना फार वाईट वाटलं. सत्तेचाळीस वर्षांची ओळख आणि आपल्याला एवढंही कळू नये, याची लाज वाटली. मग त्यांनी आपल्या धंद्यातलं तेवढं सांगितलं. "जन्मलेल्या माणसाची नोंद असते. नोंद असली की पान असतं. पान असलं की सापडतं. मी शोधतो."

नगरपालिकेचं जुनं दप्तर मागच्या इमारतीत तळमजल्यावर होतं. लोखंडी मांडण्या, एक लांब टेबल, वर दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. तिथलं राज्य दप्तरबाईंचं. बाई पन्नाशीच्या, साखळीला अडकवलेला चष्मा, आणि आवाज असा की धूळसुद्धा बसल्या जागी बसून राहावी. "पेन चालणार नाही, पेन्सिल आणा. पानं थुंकी लावून उलटायची नाहीत," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. थुंकी! बाइंडरला! काकांनी तो अपमान गिळला, कारण वह्या बाईंच्या ताब्यात होत्या.

गावाच्या मधून नदी, तिच्यावर पूल. त्या काळी पुलाच्या अलीकडच्या वस्तीसाठी जन्माची एक वही असायची आणि पलीकडच्या वस्तीसाठी दुसरी. काकूंचं माहेर अलीकडचं. काकांनी त्या वर्षाची अलीकडची वही मागून घेतली आणि सासऱ्यांचं नाव शोधत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं. नाही. आधीचं वर्ष बघितलं, नंतरचं बघितलं. काकूंची स्वतःची नोंद चार वर्षं आधीच्या वहीत ठसठशीत होती, पण भावाची नाही आणि बहिणीचीही नाही. अलीकडच्या मृत्यूच्या वह्या चाळल्या, त्यातही नाही. सासऱ्यांच्या कचेरीचे जुने कागद कधीच रद्दीत गेले होते. घरमालकाच्या वारसांनी तर ते घरच पाडलं होतं. जिथे जावं तिथे भिंत.

शेवटी बाईंनी छापील चिठ्ठी भरून दिली: नोंद आढळत नाही. काकांनी ती खिशात घातली आणि घरी काही बोलले नाहीत. पण सदरा धुवायला टाकताना खिसे बघणं ही काकूंची जुनी सवय. त्यांनी चिठ्ठी वाचली, वाळत घातल्यासारखी टेबलावर सरळ करून ठेवली आणि म्हणाल्या, "बघा. खुळीच आहे मी." एवढं बोलून त्या कपडे भिजवायला गेल्या. त्यांनी भांडण काढलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

असे सहा आठवडे गेले. मुलगी आता बाबांच्याच फोनवर फोन करायची आणि पाळणाघरांची चौकशी चालू आहे एवढं सांगायची. काका मात्र रोज सकाळी पेन्सिल घेऊन दप्तरात हजर. त्याच वहीची तीच पानं. शेवटी एक दिवस दप्तरबाईंनीच खुर्ची ओढली आणि समोर बसल्या.

"काका, सहा आठवडे तुम्ही एकच नाव शोधताय. इथे येणारा प्रत्येक जण हेच करतो. आपलंच माणूस शोधत बसलं की आजूबाजूचं काही दिसत नाही. शेजारी वाचा."

"शेजाऱ्यांचं मला काय करायचंय?"

"वाचा तर खरं. आपल्या घरचे गप्प बसतात, शेजारी कधी गप्प बसलेत का?"

यात तथ्य होतं. काकांनी घरी जाऊन काकूंना विचारलं, त्या वेळी शेजारी कोण होतं? काकूंना आधी विचारणंच आवडलं नाही. पण शेजाऱ्यांविषयी बोलायचं म्हटल्यावर त्यांना फार वेळ गप्प राहवेना.

"भिंतीला भिंत लागून शिंपीणबाई. त्यांची मुलगी माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत, आम्हाला एकाच बाकावर बसवायचे. चार वर्षं माझ्या पेन्सिली चोरल्या त्या भवानीने. तीही तेव्हा पाळण्यात होती. मला आठवतं ना, दोन्ही घरांतून पाळण्यांची कुरकुर यायची."

"जन्म कधीचा तिचा?"

"ऐन थंडीतला. वाढदिवसाला स्वेटर घालून मिरवायची."

दुसऱ्या दिवशी काकांनी शिंपीणबाईंची मुलगी शोधायला घेतली. थंडीचे महिने दोनदा वाचले, मग तिसऱ्यांदा वाचले. मुलगी नाही! जिने चार वर्षं पेन्सिली चोरल्या, जी आजही कुठेतरी नातवंडांवर ओरडत असेल, ती हाडामांसाची मुलगी या वहीप्रमाणे जन्मलेलीच नव्हती. काकांनी टेबलावर अशी थाप मारली की बाईंच्या नाकावरचा चष्मा साखळीवर येऊन पडला.

"बाई, शिंपीणबाईंची मुलगीपण जन्मलेली नाही!"

"यात आनंद व्हायचं काय कारण?"

"अहो, एक बाळ नाही सापडलं तर आमची ही खुळी. दोन नाही सापडली तर वही खुळी!"

मग त्यांनी नावं वाचणं सोडलं आणि पत्त्याचा रकाना वाचायला घेतला. थंडीच्या सुरुवातीपर्यंत सगळे पत्ते ओळखीचे, अलीकडच्या गल्ल्यांचे. नंतर अचानक चांभारआळी, गिरणीमागची वस्ती, धक्क्यावरची घरं. सगळी पुलापलीकडची. अशी आठ पानं, दोन्ही बाजू धरून ऐंशी नोंदी, त्यात अलीकडचं एकही घर नाही. मग पुन्हा ओळखीच्या गल्ल्या सुरू. पानांचे आकडे मात्र ओळीने लागलेले. तारखांनीही संशय येऊ नये, कारण लोक नोंद करायला सवडीने यायचे आणि तारखा नेहमीच थोड्या मागेपुढे असायच्या.

"हा अख्खा फर्मा पलीकडच्या वहीचा आहे," काका म्हणाले. बाईंनी भुवया उंचावल्या तशी त्यांनी समजावलं, "चार मोठे कागद मधोमध दुमडले की आठ पानांची एक घडी होते, तिला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक शिवले की वही. कुणीतरी दोन्ही वह्या एका वेळी उसवल्या आणि शिवताना इकडचा फर्मा तिकडे आणि तिकडचा इकडे घातला. आकडे दोन्हीकडे सारखेच, त्याला कळलंच नाही." आणि मग त्यांच्यातला त्रेचाळीस वर्षांचा कारागीर उसळला. "असली वही कुठल्या गाढवाने शिवलीय, बघू तरी!"

त्यांनी वही उताणी करून तळहातावर धरली आणि पाठीवरून अंगठा फिरवला. गाठ खालच्या टोकाला होती.

काकांनी वही हळूच टेबलावर ठेवली. मग त्यांनी शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतला, कोपऱ्यात सुटलेला अस्तराचा कागद नखाने अलगद उचलला. मालकांचा दंडक होता की बांधणाऱ्याने तिथे पेन्सिलीने तारीख आणि खूण घालायची. खूण काकांची होती आणि तारीखही त्यांना पाठ होती, कारण गेली सत्तेचाळीस वर्षं काकू दर साली ती तारीख त्यांच्याकडून वदवून घेत होत्या. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, बसथांब्यावर, घड्या घालणाऱ्या एका मुलीने त्यांना पहिल्यांदा भेटायला बोलावलं होतं.

मालकांचा आणखी एक दंडक होता: एका वेळी एकच वही उसवायची. ती शिवून शिकंज्यात गेल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. पण त्या दिवशी मालक बाहेर गेले होते, दोन वह्या संपवायच्या होत्या आणि घड्याळ पाचाकडे पळत होतं. काकांनी दोन्ही उसवून टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. तेव्हा आपण शीळ घालत होतो, हेही त्यांना आता आठवलं.

मनात आणलं असतं तर तो कोपरा पुन्हा चिकटवून त्यांना गप्प बसता आलं असतं. बाईंना काय कळणार होतं गाठीतलं? काकांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "बाई, ते गाढव मीच."

मग त्यांनी सगळं सांगितलं, थांब्यासकट. बाई हसल्या नाहीत. "या वर्षाचे लोक दर साली दोन-चार यायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणाला पेन्शन, कुणाला पासपोर्ट. आम्ही चिठ्ठ्या देत राहिलो."

"ऐंशी इकडची, ऐंशी तिकडची. एकशे साठ माणसं." काका खुर्चीत बसले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला ती गेली होती. "माझ्याकडून लेखी घ्या. दोन्ही वह्या मी नीट करून देतो, तुमच्या डोळ्यांसमोर."

"लेखी तर घेणारच. आणि एका वेळी एकच वही," बाई म्हणाल्या. मग उठता उठता त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी पलीकडची आणू. काकूंचं बघू."

पलीकडच्या वहीत तो फर्मा बरोबर त्याच जागी होता. पहिल्या पानावर शिंपीणबाईंची मुलगी. तिसऱ्या पानावर, वरून दुसऱ्या ओळीत, सासऱ्यांचं नाव, सासूबाईंचं नाव, गल्लीचा पत्ता. अपत्य: मुलगा. नावाचा रकाना कोरा. काकांनी त्या ओळीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. न पाहिलेल्या मेव्हण्याविषयी माणसाला इतकं दाटून येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी त्यांचा हात जरा सरकवला. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं: मयत, रुग्णालय मृत्यूवही पाहावी. आणि पुढे क्रमांक.

रुग्णालयाची वही वेगळी असते, ती रुग्णालयातच राहते, हे काकांच्या गावीही नव्हतं. बाईंनी फोन करून सोय लावून दिली. पण रुग्णालयाच्या पायऱ्यांवर काका मधेच थांबले. बाळ होतं, हे आता पक्कं. म्हणजे काकूंच्या दोन गोष्टींतली पहिली गेली आणि दुसरी उरली. त्या वहीत 'पाळण्यातून पडून' असं लिहिलेलं असलं तर ते घरी कसं न्यायचं? न्यायचंच नाही? त्यांनी जिन्यातच ठरवलं की जे असेल ते न्यायचं. झाकाझाकीने काय होतं ते त्यांनी घरात बघितलं होतं. कारकुनाने नक्कल करून दिली, ती त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. मग परत वाचली आणि बाकावर बसले. मग घरी निघाले ते बसची वाट न पाहता चालतच.

घरी आल्यावर त्यांनी भलत्याच टोकापासून सुरुवात केली. कबुलीजबाब आधी बाहेर पडला.

काकू ऐकत राहिल्या. "थांबा. म्हणजे त्या नोंदी तुम्ही पुलापलीकडे नेऊन टाकल्यात? आणि सहा आठवडे अलीकडे शोधत बसलात? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"तुझ्यापायी झालं. पाच वाजता ये म्हणाली होतीस."

"आणि तरी वीस मिनिटं उशिरा आलात!" काकू हसल्या. मग हसू तसंच थांबलं. "अहो. म्हणजे नोंद आहे?"

"आहे. मुलगा होता. तुला भाऊ होता." काकांनी नक्कल त्यांच्या हातात दिली. "तू खुळी नाहीस."

काकू खुर्चीच्या कडेला टेकल्या. छापखान्यातल्या सवयीने त्यांनी कागद आधी चारी कडांनी सारखा केला, मग बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागल्या. "वय दोन महिने सहा दिवस. आजार न्यूमोनिया." पुढच्या दोन तारखांवर त्यांचं बोट मागेपुढे होत राहिलं. "दाखल केलं तो दिवस हा, आणि गेला तो हा. नऊ दिवस. नऊ दिवस होता तो तिथे?"

"नऊ दिवस. खालचं वाच."

"इजा: नाही." त्यांनी तो शब्द दोनदा वाचला. "सोबत: आई."

"छाती भरली होती त्याची. अंग तापलेलं दिसलं असेल, तशी आई त्याला घेऊन धावली असेल. आत्या घाबरलेली, त्यात तू दिसेनास, तू आलीस तेव्हा सगळं तुझ्या गालावर निघालं."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"ते कुठे लिहिलेलं नाही गं," काका म्हणाले. "त्यांनाही बोलायला जड गेलं असेल."

काकू कागदाकडे बघत राहिल्या. गल्लीतल्या त्या दुपारी चार वर्षांच्या पोरीने नक्की काय केलं होतं, ते जणू आता कुणीतरी त्यांना पहिल्यांदा सांगत होतं.

"म्हणजे मी नुसती खेळायला गेले होते," त्या म्हणाल्या.

"नुसती खेळायला गेली होतीस."

मग त्या रडल्या. चौसष्ट वर्षं त्या स्वतःच्या हातांना भ्यायल्या होत्या. भावासाठी त्या दिवशी पहिल्यांदाच रडल्या. दोन महिन्यांचं पोर, साधं नावही ठेवलेलं नाही, असं मधेमधे म्हणत राहिल्या. काका शेजारी बसून होते. त्यांच्याजवळ रुमाल नव्हता, म्हणून त्यांनी टेबलावरचं पुस्तकं पुसायचं मऊ फडकं पुढे केलं आणि काकूंनी त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. संध्याकाळी काकूंनी स्वतः मुलीला फोन लावला आणि दार लावून घेऊन तासभर बोलल्या. काय बोलल्या ते काकांनी विचारलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात काकांनी दप्तरबाईंसमोर बसून दोन्ही वह्या उसवल्या आणि पुन्हा शिवल्या, एका वेळी एकच. बाईंनी जुन्या चिठ्ठ्यांवरून पत्ते काढले आणि ज्यांचे सापडले त्यांना पत्रं घातली. त्रेचाळीस वर्षांचं ते वाक्य काका आता कुणाकडे म्हणत नाहीत. कपाटातली पुस्तकं अजून उताणी करतात, पण दुसऱ्याच्या शिलाईला नावं ठेवण्याआधी दोनदा खाकरतात.

मुलगी कामावर जायला लागली त्या सोमवारी सकाळी बाळाला सोडून गेली. नात पाळण्यात पडून स्वतःच्या मुठीकडे रागाने बघत होती. काकूंनी खिडकी ओढून घेतली, दुपटं सारखं केलं, पाळण्याजवळ खुर्ची ओढली, आणि मग काकांकडे वळल्या.

"तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

"भाजी आहे की घरात."

"भाजीला नाही. असंच जा."

काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काकूंचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि दोरी हातात होती. "किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"मी सांगते का घड्याळ लावून? जा म्हटलं ना!"

काकांनी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते तेव्हा मागे काकूंनी आतून कडी लावली. वरच्या बाईंना हाक गेली नाही, खालच्यांनाही नाही. काका रस्त्यावर आले. जायचं कुठेच नव्हतं, म्हणून इमारतीला फेऱ्या घालत राहिले आणि जेवायची वेळ टळून गेली तरी वर गेले नाहीत.